विकीच्या प्रचालक मंडळींना खुलं पत्र: तारखेची पानं आधी लिहू द्या, वेळेवर दिसू द्या

प्रति,
आपल्या जुन्या सातारा जिल्ह्याच्या विकीचं प्रचालक मंडळ,
आणि चावडीवर भांडणारे सगळे संपादक

नमस्कार मंडळी,

चावडीवर, म्हणजे विकीच्या चर्चेच्या पानावर, शेड्यूलवरून जो राडा सुरू आहे तो आता इतका लांबलाय की शेवटच्या उत्तरापर्यंत जाताना अंगठा दुखतो, म्हणून त्यालाच अजून एक शेपूट जोडण्यापेक्षा सरळ पत्र लिहितोय. खुलं पत्र आहे, ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं, ज्याला शिव्या घालायच्यात त्यानं चर्चा पानावर घालाव्यात, मी तिथंच आहे.

नवीन आलेल्यांसाठी विषय सांगतो. आपला विकी सातारा आणि सांगली दोन्हींचा, कारण दक्षिण सातारा वेगळा निघाला तोच मुळात १ ऑगस्ट १९४९ ला आणि त्याचं सांगली असं नाव झालं २१ नोव्हेंबर १९६० ला, त्याच्या आधीचं सगळं सामाईकच, प्रतिसरकार काय एका जिल्ह्याचं नव्हतं. तर या विकीवर रोजचा दिनविशेष असतो, जत्रांची पानं असतात, आणि काही जणांनी मागणी केली की बाबांनो वर्डप्रेसला असते तशी सोय द्या, पान आज लिहायचं, पुढची तारीख टाकायची आणि त्या दिवशी ते आपोआप यावं. त्यावर प्रचालक मंडळाकडून, म्हणजे विकी सांभाळणाऱ्यांकडून, दोन ओळींचं उत्तर आलं, की विकीवर जतन केलं की लगेच दिसतं, शेड्यूलची हौस असेल तर स्वतःचा ब्लॉग काढा. मग दुसऱ्या टोकाला एकानं सुचवलं की वर्षाचं सगळं एकदम लिहून एका सांगकाम्याच्या (आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामच्या) गळ्यात बांधू, तो रोज पहाटे टाकत बसेल, आपण मोकळे. त्याला चार अंगठे पण मिळाले.

मला दोन्ही पटलेलं नाही. मंडळाचं उत्तर तांत्रिक बाजूनं अर्धं खरं आहे आणि माणसांच्या बाजूनं अजिबात नाही, आणि सांगकाम्यावाला उपाय ऐकायला भारी आहे पण तो एक दिवस आपल्याला तोंडावर पाडणार.

आधी माणसांचं सांगतो. आपल्याकडं लिहितं कोण? द्राक्षवाले, शाळेतले सर आणि बाई, कारखान्यातले क्लार्क, दोनचार रिटायर झालेले, आणि इंजिनिअरिंगची पोरं जी परीक्षा जवळ आली की गायब होतात. तासगाव-पलूस-मिरज पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटण्या लागतात, मग विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), आणि नोव्हेंबरात अवकाळी शिंतोडा जरी पडला तरी डाऊनी रोगाच्या भीतीनं माणूस रात्री बारा वाजता फवारणीचा ब्लोअर काढून बागेत असतो. तिकडं कारखान्याचा बॉयलर पेटला की क्लार्कांच्या शिफ्टा सुरू. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपला लेखक मेलेला, आणि आपल्या नेमक्या मोठ्या तारखा येतात त्याच काळात.

बघा ना. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तो दिवस. दोनच दिवसांनी ७ नोव्हेंबर, १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आत्ताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर नावाच्या पोराचं नाव घातलं गेलं, रजिस्टरात १९१४ नंबरसमोर त्याची सही आहे, आणि हाच दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. १३ नोव्हेंबरला वसंतदादांची जयंती, २५ ला यशवंतरावांची पुण्यतिथी, ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप, ३ जानेवारीला नायगावला सावित्रीबाईंची जयंती, १५ जानेवारीला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची, ज्या दिवशी आता राज्य क्रीडा दिन असतो. आणि गंमत म्हणजे विकिपीडियाचा वाढदिवस पण १५ जानेवारीच, २००१ चा. हे सगळं त्या त्या रात्री बसून लिहायचं म्हटलं तर कोण लिहिणार? मग होतं काय, रात्री अकराला कुणाच्या तरी लक्षात येतं, तो मोबाईलवरून पाच ओळी टाकतो, त्यात दोनदा ‘थोर’ आणि एकदा ‘महान’, संदर्भ शून्य, आणि दुसऱ्या दिवशी ते पान कुणी उघडत पण नाही. आपल्या विकीवरची सगळ्यात भुक्कड पानं कुठली काढायची म्हटली तर ती तारखेच्या दिवशी घाईत झालेलीच निघतील, हवं तर इतिहास उघडून वेळा बघा.

आणि तोच माणूस आषाढ-श्रावणात मोकळा असतो. बाहेर झड लागलीय, बागेत जाता येत नाही, गावच्या वाचनालयातनं जुने गौरवग्रंथ आणून निवांत लिहू शकतो. त्यानं जुलैत लिहिलेलं नोव्हेंबरात दिसावं एवढीच मागणी आहे. त्याला ब्लॉग काढ म्हणणं म्हणजे त्याला हाकलणं झालं, आणि आपल्याकडं हाकलण्याइतकी माणसं नाहीत हे मंडळाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता तांत्रिक. प्रचालक म्हणतात ते खरंच आहे की मीडियाविकीमध्ये, म्हणजे आपला विकी ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, शेड्यूलचं बटण येत नाही. वॉर्ड कनिंगहॅमनं २५ मार्च १९९५ ला पहिला विकी उघडला तेव्हापासून खाक्याच असा आहे, लिहा, जतन करा, दिसलं. प्रत्येक जतनाला एक आवृत्ती नंबर पडतो आणि सर्व्हरच्या घड्याळाची वेळ लागते, ती वेळ पुढची टाकता येत नाही, मागची पण नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर कोण कधी काय म्हणालं याचा हिशोबच उरला नसता. वर्डप्रेसवाल्यांना पण सांगतो, तिकडं फार स्वर्ग आहे असं समजू नका. तिथं पानाला ‘भविष्य’ असा दर्जा देऊन ठेवतात खरं, पण वर्डप्रेसचं आतलं घड्याळ कुणीतरी साइट उघडली की तेव्हा पुढं सरकतं, आणि रात्रभर कुणी फिरकलंच नाही तर सहाची पोस्ट आठला येते, कधी कधी ‘शेड्यूल चुकलं’ असं लिहून तिथंच बसते. वेगळा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारी सर्व्हरवरची सोय, लावला तर सुधारतं, पण मग तो लावणारा माणूस पाहिजे.

पण मंडळी, विकीवर शेड्यूल होतच नाही हे कुठनं आणलं? विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर रोज सकाळी त्या दिवसाच्या घटना येतात त्या काय कुणी रात्री जागून टाकतं का? वर्षातल्या प्रत्येक तारखेचं पान आधीच लिहून, जतन करून, सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं असतं, आणि मुखपृष्ठावर एक साचा असतो जो आजचा महिना आणि आजची तारीख बघतो आणि त्या नावाचं पान उचलून आणतो, बस्स. तारीख बदलली की पान बदललं. बटण नाही, सांगकाम्या नाही, क्रॉन नाही.

माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर आहे. जतन करणं वेगळं आणि पुढं मांडणं वेगळं. आपण या दोन्हींची खिचडी करून भांडतोय. पान आज जतन होऊ दे, आजच सगळ्यांना उघडता येऊ दे, फक्त मुखपृष्ठावर ते त्याच्या तारखेला येऊ दे. आयर्विन पुलावरचा लेख तयार असेल तर तो अडवून ठेवायचं कारणच काय, लेख आजच टाका, पुलाच्या दिवशी मुखपृष्ठावर त्याची चौकट लावा.

इथं काही जण म्हणणार, पण मग आधी फुटतं ना. हो, फुटतं. एका हुशार पोरानं त्यावर उपाय काढलाय की पानातच अट घालायची, म्हणजे पार्सर फंक्शन (पानातच लिहायची छोटी सूचना) वापरून सांगायचं की अमुक तारखेच्या आधी कुणी उघडलं तर कोरं दाखव, नंतर उघडलं तर मजकूर दाखव. चालतं ते, मी करून बघितलं. पण ते दिसायला कोरं असतं एवढंच. कुणीही ‘स्रोत पहा’ दाबलं की अख्खा मजकूर समोर, इतिहासात पण आहे, आणि विकीचा साधा सर्च तर मूळ मजकुरातच शोधतो म्हणून शोधात सुद्धा ओळी बाहेर येतात. म्हणजे प्रामाणिक वाचकाला कोरं पान आणि चोराला पूर्ण लेख. ज्याला खरंच काही गुपित ठेवायचंय, म्हणजे स्मरणिकेचं मुखपृष्ठ वगैरे, त्यानं ते विकीवर आणूच नये, आपल्या मोबाईलमध्ये ठेवावं.

आणि खरं सांगू का, आधी फुटण्याची एवढी भीती कशाला? जुलैत लिहिलेला मसुदा चार महिने उघडा पडला तर तो आढी घातलेल्या आंब्यासारखा पिकतो, येता-जाता कोणीतरी दाबून बघतं, एखादा नासका निघाला तर बाजूला काढतं. सावित्रीबाईंच्या पानावर नायगाव खंडाळ्याऐवजी भोर तालुक्यात असं कुणी चुकून लिहिलं असेल तर ते २ जानेवारीच्या आत सापडेल, ३ जानेवारीला हजार जणांनी स्क्रीनशॉट काढल्यावर नाही. कोणी उचलून व्हॉट्सॲपवर टाकलं तर टाकू दे, आपला परवाना मुळातच मुक्त आहे, नाव द्या आणि वापरा. नाव देत नाहीत हा वेगळा रोग आहे, त्याला शेड्यूल हे औषध नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी चावडीवर कुणीच काढली नाही, आणि ती सगळ्यात मोठी आहे. घड्याळ.

मीडियाविकी जन्मतः यूटीसी वर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं. आपण साडेपाच तास पुढं. म्हणजे साधा साचा लावला तर आपल्याकडं तारीख मध्यरात्री बदलत नाही, पहाटे साडेपाचला बदलते. वरवर बघता कोण रात्री मुखपृष्ठ बघतंय असं वाटेल, पण ११ डिसेंबर घ्या. १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. लोक झोपेत होते, साडेसहा रिश्टरच्या आसपासचा धक्का, कोयनानगर पडलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाला तडे गेले पण धरण उभं राहिलं. पाटण-कोयना भागातला माणूस ही आठवण काढणार पहाटेचीच. तो ११ तारखेला पहाटे चारला आपलं मुखपृष्ठ उघडणार आणि त्याला दिसणार १० डिसेंबरचं पान. अजून गंमत, परदेशी भूकंप याद्यांमध्ये हा भूकंप १० डिसेंबरलाच मांडलेला असतो, २२ वाजून ५१ मिनिटं, कारण त्या याद्या पण यूटीसी मध्ये. आता उद्या एखादा इंग्रजी यादी बघून आपल्या पानावर ११ चे १० करणार, दुसरा उलटवणार, तिसरा परत करणार, आणि प्रचालकांना पान सुरक्षित करायला, म्हणजे कुलूप घालायला, लागणार. दोघं बरोबरच असतील तिच्यायला, घड्याळं वेगळी फक्त.

यावर उपाय लई सोपा आहे. तारीख देणारे जादुई शब्द दोन जातीचे असतात, ‘करंट’वाले यूटीसी दाखवतात आणि ‘लोकल’वाले विकीच्या सेटिंगमधला वेळ-पट्टा धरतात, तसंच टाइम फंक्शनच्या शेवटी एल लावला की ते पण स्थानिक वेळ घेतं. सेटिंगच्या फाइलीत एकदा आशिया/कोलकाता टाकायचं आणि साच्यात लोकलवाले शब्द वापरायचे. हे काम फक्त ज्याच्याकडं सर्व्हरची चावी आहे तोच करू शकतो, म्हणून हे पत्र तुम्हाला. आणि ते करताना कॅशेचं, म्हणजे पानाच्या साठवलेल्या प्रतीचं, पण बघा. तारखेचे शब्द पानात असले की मीडियाविकी स्वतःहून त्या पानाची साठवलेली प्रत लवकर टाकून देतं, पण आपल्या सर्व्हरच्या पुढं जो दुसरा कॅशे बसवलाय तो लॉगिन न केलेल्या वाचकाला कालचंच पान देत बसतो. मी लॉगिन करून बघतो तर बरोबर, आमच्या शेजारचे काका बघतात तर कालचं, आणि मग ते मला म्हणतात तुमचं शिळं असतं. मुखपृष्ठापुरता तो कॅशे तासाभराचा करा, सर्व्हरला काही होत नाही.

घड्याळ झालं, आता पंचांग. इथं माझं सांगकाम्यावाल्या मित्राशी खरं भांडण आहे. तो म्हणतो, एकदा यादी बनवली की कायमची. अरे, आपल्या निम्म्या गोष्टी तारखेनं होतच नाहीत. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी २०२४ ला ९ ऑगस्टला होती, २०२५ ला २९ जुलैला, २०२६ ला १७ ऑगस्टला, कारण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ. म्हणजे २०२४ ची यादी तशीच पुढं चालवली असती तर पुढच्या साली आपण नागपंचमीच्या शुभेच्छा अकरा दिवस उशिरा दिल्या असत्या. आणि शिराळ्याचं नुसतं तारखेचं पण नाही, कोर्टाचे आदेश, वनखात्याच्या अटी, काय चालतं काय नाही हे बदलत राहतं, तिथला जुना मजकूर न बघता वर आणणं म्हणजे लोकांना चुकीची माहिती देणं.

मांढरदेवीचं त्याहून नाजूक. वाई तालुक्यातल्या काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला. २००५ ला ती पौर्णिमा २५ जानेवारीला आली आणि त्या दिवशी चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास माणसं गेली. आता २५ जानेवारीच्या पानावर ती दुर्घटना आहेच, असलीच पाहिजे. आणि यात्रेचं पान तिथीनं फिरतं. २०२४ ला पौष पौर्णिमा परत २५ जानेवारीलाच आली होती. म्हणजे सांगकाम्यानं डोळे मिटून लावलं असतं तर मुखपृष्ठावर डाव्या बाजूला ‘चला काळूबाईच्या दर्शनाला’ आणि उजव्या बाजूला चेंगराचेंगरीचा स्मरणदिन. माणूस असता तर दोन मिनिटांत शब्द बदलले असते. २०२६ ला तीच पौर्णिमा ३ जानेवारीला, म्हणजे सावित्रीबाईंच्या जयंतीच्या दिवशी. अशा दिवशी वर काय आणि खाली काय हे ठरवायला डोकं लागतं, स्क्रिप्ट नाही. शिवजयंती तारखेची की तिथीची या विषयाला तर मी हातच लावत नाही, चावडी परत पेटायला नको.

म्हणून तिथीच्या गोष्टींची एक वेगळी यादी, जी दरवर्षी गुढीपाडव्याला नवीन पंचांग समोर ठेवून कुणीतरी हातानं भरायची. काम एका संध्याकाळचं आहे. मी करतो, माझं नाव लिहा.

आता काय शेड्यूल करूच नये तेही बोलू, कारण मागणी करणाऱ्या आमच्या बाजूचे लोक हे बोलत नाहीत.

हयात माणसाचा वाढदिवस अजिबात नको. जुलैत शुभेच्छा लिहून ठेवायच्या आणि डिसेंबरात त्या माणसाच्या घरी सुतक असताना आपण केक दाखवायचा, असलं होऊ शकतं, आणि झालं की माफी मागून पण भरून निघत नाही. त्यात तो माणूस पुढारी असेल तर अजून भानगड, आचारसंहिता लागलेली असते, मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद असतो आणि आपलं मुखपृष्ठ हसतमुख फोटोसकट ‘दीर्घायुष्य लाभो’ म्हणतंय. आम्ही नाही हो, साच्यानं केलं, हे उत्तर कोण ऐकून घेणार?

दुसरं पाणी. सांगलीकराला हे समजवायला लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटाला गेली की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. २०२१ च्या जुलैत परत तोच अनुभव. पावसाळी सहलींची आपली पानं चांगली आहेत, हरिपूरचा संगम, औदुंबरचा घाट, कासची फुलं, सगळं. पण समजा कुणी जूनमध्ये हरिपूरच्या संगमाची चौकट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यासाठी लावून ठेवली आणि त्याच आठवड्यात कोयनेतनं विसर्ग वाढला. लावणाऱ्याच्या घरात पाणी, तो स्वतः गाठोडं घेऊन पाहुण्याकडं मिरजेला, लाईट नाही, मोबाईल चार्ज नाही, आणि मुखपृष्ठ लोकांना नदीवर बोलावतंय. अशा वेळी विकी बंद असलेला परवडला.

तर यावर मला जे सुचतं ते असं. मुखपृष्ठाच्या साच्यात थेट तारखेचं पान न उचलता आधी एक तपासणी ठेवायची, त्या तारखेचं त्या वर्षाचं पान अस्तित्वात आहे का. इफएक्झिस्ट नावाचं फंक्शन हेच करतं, पान असलं तर दाखवतं, नसलं तर दुसरं काहीतरी दाखवतं. म्हणजे मूळ मजकूर ‘५ नोव्हेंबर’ या पानावर कायमचा राहील, वर्षानुवर्षं सुधारत जाईल, पण ‘५ नोव्हेंबर २०२६’ हे छोटं पान कुणीतरी एक-दोन दिवस आधी उघडून, वाचून, ठीक आहे म्हणून तयार करेल तेव्हाच ती चौकट त्या वर्षी वर येईल. कुणी बघितलंच नाही तर मुखपृष्ठावर नुसती त्या दिवसाची साधी घटनांची यादी, सन आणि एक ओळ, ना शुभेच्छा ना आमंत्रण. विसरलो तरी अब्रू जात नाही. यात बघणाऱ्याला काम किती, तर मोबाईलवरून दोन मिनिटं, ते द्राक्षवाल्याला डिपिंगच्या दिवसात पण जमतं. लिहिणं जमत नाही, बघणं जमतं.

आणि दुसरं, एक बंद करायचा खटका. एकच सुरक्षित पान, त्यात प्रचालकानं ‘थांबा’ असं लिहून जतन केलं की मुखपृष्ठावरच्या सगळ्या चौकटी गायब आणि त्या जागी पाणीपातळी कुठं बघायची, कुठलं पान वाचायचं एवढंच. हे पण साच्यातल्या एका अटीचं काम आहे. मंडळातल्या सगळ्यांनी पुण्या-मुंबईत राहून कसं चालेल असं वाटेल, पण आहे उलटं, पुराच्या वेळी पुण्यातला प्रचालकच कामाचा, कारण त्याच्याकडं लाईट असते. तेव्हा पुणेकरांनो, खटका तुमच्याकडं.

सांगकाम्याबद्दल माझा राग नाही, त्याला कामं द्या ना. तुटलेले दुवे शोधायला लावा, पुढच्या पंधरा दिवसांत कुठल्या तारखेचं वर्षाचं पान अजून झालेलं नाही याची यादी चावडीवर टाकायला लावा, त्यात तो एक नंबर. पण मसुदा उचलून मुख्य नामविश्वात, म्हणजे जिथं खरे लेख असतात तिथं, चिकटवायचं काम त्याला देऊ नका. कॉपी-पेस्ट केलं की इतिहासात नाव येतं सांगकाम्याचं, आणि ज्या बाईंनी उन्हाळाभर बसून ते लिहिलं त्यांचं नाव कुठल्या तरी धूळपाटीच्या (सरावाच्या पानाच्या) इतिहासात गाडलं जातं. आपल्याकडं पैसे मिळत नाहीत, मानपत्र मिळत नाही, इतिहासातली ती एक ओळ एवढाच मोबदला, तो तरी ठेवा. मसुदा खरंच हलवायचा असेल तर स्थानांतर करा, त्यात सगळा इतिहास बरोबर जातो. आणि सांगकाम्याला वेगळा सांगकाम्या-पासवर्ड, मोजके अधिकार, प्रचालकाच्या खात्यावरनं चालवू नका, हे पण लिहून ठेवतो कारण सध्या तसंच चाललंय आणि सगळ्यांना माहीत आहे.

तर मंडळाकडं मागणं एवढंच. वेळ-पट्टा बदला, मुखपृष्ठाचा बाहेरचा कॅशे कमी करा, आणि साचा बदलायला दोघातिघांना परवानगी द्या. बाकीचं आम्ही करतो. ‘५ नोव्हेंबर’, ‘७ नोव्हेंबर’ आणि ‘११ डिसेंबर’ या तीन पानांचे मसुदे माझ्या सदस्यपानाखाली उघडे ठेवलेत, साचा पण तिथंच धूळपाटीत लावून बघितलाय, चालतोय. भाव्यांच्या पानाला प्रयोग कुठं झाला त्या परिच्छेदात चांगला संदर्भ हवाय, सांगलीतल्या कुणाकडं जुन्या नाट्यसंमेलनाच्या स्मरणिका असतील तर पान नंबरसकट टाका. कोयनेच्या पानाला त्या पहाटे तिथं असलेल्यांच्या छापील आठवणी हव्यात, फेसबुकवरच्या नको. आणि ज्यांना शेड्यूल नकोच आहे त्यांनी ‘नको’ म्हणून न थांबता साच्यात कुठं काय फुटतं ते दाखवावं, मी दुरुस्त करतो.

आपला,
पलूसकडचा एक संपादक

ता. क. २९ फेब्रुवारीचं पान कुणीतरी ‘निरुपयोगी’ म्हणून वगळायला लावलंय, ते वगळू नका, दर चार वर्षांनी साचा ते शोधणार आहे.